घसरगुंडीचा रंग (सोसायटी ग्रुप, लातूर)

सचिव, ए-१०२: पेंटर सोमवारी येतोय. झोपाळे, घसरगुंडी, सीसॉ. इंडस्ट्रियल इनॅमल मारू म्हणतो. उन्हात टिकतं, स्वस्तही पडतं.

काका, बी-२०१: ते नको. रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (किलोमागे ९० मिलिग्रॅम) मर्यादा २०१६ च्या नियमांतली, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू. पण ती घरगुती आणि डेकोरेटिव्ह रंगांनाच. इंडस्ट्रियल डबा त्यात बसत नाही. लेबलवर ९० पीपीएमचा उल्लेख पाहिजे, नुसतं हिरवं पान बघून घेऊ नका.

ताई, बी-३०४: पिवळा-केशरी तर नीट तपासा. त्यात लेड क्रोमेटचं रंगद्रव्य असू शकतं, आणि त्याच्या वजनात ६४ टक्के शिसंच असतं. किलोभर रंगात ते १४० मिलिग्रॅम पडलं, म्हणजे चिमटीभरही नाही, की मर्यादा गाठली.

सचिव: आणि प्रायमर? तोही शेंदरासारखाच दिसतो.

काका: रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. रेड लेड म्हणजे शिशाचा शेंदूर. लाल दोन्ही, म्हणून डबा वाचून घ्या. झिंक फॉस्फेटवाला मिळाला तर उत्तम.

भाऊ, सी-४०१: नव्या रंगाचं ठीक. खरी भानगड जुन्या थरांची. पोपडे सुटलेत आणि पेंटर ग्राइंडरला वायर ब्रश लावतो. ती धूळ खालच्या वाळूत बसते, लेकरं तोच हात तोंडात घालतात. गिळलेलं शिसं लहान लेकरांच्या अंगात मोठ्यांच्या ४-५ पट भिनतं. ब्लो लॅम्पनं जाळणं तर त्याहून वाईट, वाफ नाकात जाते.

सचिव: मग घासायचं कसं?

भाऊ: ओलं. खाली जाड प्लास्टिक, चहूकडून १० फूट बाहेर. स्प्रे बाटलीनं पाणी मारत १२० नंबरच्या वॉटर पेपरनं घासायचं. सुटलेलं तेवढंच काढा, घट्ट बसलेल्यावर हलका हात.

मावशी, ए-३०३: पाणी? इथं टँकरची वाट बघायलोत!

भाऊ: मावशी, दोन-चार बाटल्या लागतात. घसरगुंडीला आंघोळ नाही घालायची 😄 मात्र पुसून, सुकवून त्याच दिवशी प्रायमर मारा. नाहीतर रात्रीतून गंज धरतो, वरचा रंग फुगतो. प्लास्टिक आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत बांधा. झाडू अजिबात नको, ओलं फडकं. आणि वरची २ इंच वाळू बदलाच.

ताई: शिसं तपासायला ऑनलाइन मिळणाऱ्या, रंग बदलणाऱ्या काड्यांवर पैसे घालू नका. ९० पीपीएमइतकं कमी शिसं त्या ओळखत नाहीत. जुन्या रंगाचा पोपडा पार लोखंडापर्यंतचा काढून एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबला द्या.

सचिव: बरं. पेंटरला आधी डब्याचा फोटो टाकायला सांगतो.

काका: मागच्या लेबलचा सांगा. आणि बिलावर बॅच नंबर.