मदत हवी आहे: रान जाळण्याबद्दल मत कळवायचंय

पर्थकरांनो, आमच्या घरामागच्या बँक्शिया नावाच्या देशी झाडांच्या रानात एप्रिलमध्ये मोठा वणवा टाळण्यासाठी नियंत्रित आग लावणार आहेत. रहिवाशांची मतं मागवलीत. वणव्याची धास्ती मलाही आहे; १९६१ च्या ड्वेलिंगअप गावच्या (पर्थच्या दक्षिणेला) वणव्यानंतर ही पद्धत इथे खूप वाढली. पण बँक्शियाच्या काही जाती आगीत मरतात आणि फक्त बियांपासून परत उगवतात. नवी झाडं बी धरण्याआधीच पुन्हा जाळलं, तर ती जात तिथून कायमची जाते. इथल्या मूळनिवासी नूंगार लोकांची छोट्या छोट्या तुकड्यांत, कमी धगीने जाळायची रीत मला जास्त पटते.

दोन जाळण्यांत किती वर्षांचं अंतर मागावं? आधी झाडांची, पक्ष्यांची पाहणी करा असा आग्रह धरता येतो का? कुणी असं पत्र दिलं असेल तर प्लीज सांगा, शुक्रवारपर्यंतच मुदत आहे.