मदत हवी आहे: चित्रकथी कलावंतांचे कथन ध्वनिमुद्रित कसे करावे?

सप्रेम नमस्कार. वेंगुर्ल्यातील आमच्या वाचनालयातर्फे कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाच्या चित्रकथी कलावंतांचे कथन ध्वनिमुद्रित करण्याचा विचार असून, त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने वाढलेल्या या परंपरेत रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाच्या चित्रांची पोथी असते आणि एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून, वीणा, टाळ व हुडुक (हातात धरून वाजवायचे छोटे चर्मवाद्य) यांच्या साथीने, कथा गात-सांगत पुढे नेली जाते. जुनी चित्रे काही प्रमाणात जपली गेली आहेत, पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही ती आहेत. परंतु चित्रामागची गाणी, संवाद आणि निरूपण मुख्यतः कलावंतांच्या स्मरणातच राहते, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. पिंगुळीचे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाल्यावर या कलेकडे अनेकांचे लक्ष वळले, ही फार आनंदाची गोष्ट. तरी विचारणा चित्रांची आणि हेच कलावंत नाचवतात त्या कळसूत्री बाहुल्यांचीच अधिक होते, असे माझे निरीक्षण आहे.

ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: संपूर्ण आख्यान एका बैठकीत घ्यावे की प्रसंगाप्रसंगाने? समोर श्रोते नसले की कथन रंगत नाही, म्हणून ते देवळातील उत्सवातच मुद्रित करावे का? मानधन ठरवताना साथीदारांचा वाटा कसा धरावा? शिवाय, ध्वनिमुद्रणावरचा हक्क कलावंताच्या कुटुंबाकडेच राहील अशा साध्या मराठी कराराचा नमुना कोणाकडे असल्यास तो मिळू शकेल का?