३८८ विरुद्ध १: रँकिनबाई तत्त्वाच्या की हट्टी?

तिरकस_बाणेर: काल इथे एकाने अमेरिकन खासदार जॅनेट रँकिनवर दोन ओळी खरडल्या: 'पर्ल हार्बरनंतरही युद्धाला नकार देणारी एकटी बाई. असल्या हट्टापायीच बायकांच्या मताधिकाराची चळवळ बदनाम झाली.' अहो, जपानने पर्ल हार्बरच्या अमेरिकन तळावर हल्ला केला आणि युद्धाचा ठराव ३८८ विरुद्ध १ ने मंजूर झाला ते १९४१ साल. तोवर अमेरिकेत बायकांना मत मिळून २१ वर्षं झाली होती! तुमच्या मनात १९१७ असणार. तेव्हा ही मोंटानातून निवडून आलेली, काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतली, पहिली बाई. जर्मनीशी युद्धाला नाही म्हणाली, पण प्रतिनिधिगृहात नाही म्हणणारे ५० होते. उरलेले ४९ बाप्ये. त्यांच्यापायी पुरुषांचा मताधिकार बदनाम झालेला ऐकलाय कुणी? पेपरांनी छापलं काय, तर बाई रडली. आणि जानेवारी १९१८ मध्ये मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवर चर्चेला सुरुवात हिनेच केली. २७४ विरुद्ध १३६, दोनतृतीयांश जेमतेम. एक मत कमी पडतं तर त्या दिवशी बोंबललं असतं.

दादरकर६१: ते खरडणारा मीच. दोन सालं एकत्र झाली, कान धरले, खूश? पण मताधिकार चळवळीच्या पुढारी कॅरी चॅपमन कॅटबाईंच्या संघटनेने युद्धाआधीच सरकारला मदत देऊ केली होती. त्यांना रँकिनचं मत जड गेलं, हाही पुरुषांचाच कावा का?

शेवंता_ठाणे: कॅटबाईंचा हिशोब सरळ होता, आधी देशभक्ती दाखवा, मग मत मागा. मला तो पटत नाही, कारण एकटीने हात वर करणं काय असतं ते मी भोगलंय. आमच्या रिडेव्हलपमेंटच्या सभेत ४२ सभासद. बिल्डरने कार्पेट एरिया लेखी द्यावा, एवढंच म्हटलं आणि ठरावाला विरोध केला. इतिवृत्तात आलं, 'ठराव एकमताने मंजूर.' दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये कोणी बोलेना. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणंही नाही.

कोर्टकज्जा: इतिवृत्त कायम करताना लेखी हरकत घेतलीत? पोच घेतलीत? नाही ना? मग रडू नका.

शेवंता_ठाणे: घेतली होती. सेक्रेटरी म्हणाले, फाइल सापडत नाही.

गिरगाव_चाळ: ताई, राग मानू नका, पण तुमच्यासारख्या एकामुळेच आमची बिल्डिंग सहा वर्षं रखडली. जिना उतरवेना म्हणून आई शेवटची दोन वर्षं तिसऱ्या मजल्यावरच होती. खाली आणली ती चौघांनी. तत्त्व वगैरे मला सांगू नका.

तिरकस_बाणेर: वाईट वाटलं. पण धागा कशावर आहे?

गिरगाव_चाळ: ह्याच्यावरच आहे! १९४१ ला जहाजं बुडाली, माणसं मेली, आणि ही म्हणते मी बाई आहे, लढायला जाऊ शकत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही. मत देऊन टेलिफोन बूथमध्ये लपली. पोलिसांनी कचेरीत पोचवली.

तिरकस_बाणेर: लपली ती लोक अंगावर आले म्हणून. मत बदल, निदान गैरहजर राहा, असं सगळे विनवत असताना तिने नाही म्हटलं. १९४० मध्ये निवडूनच आली होती 'युद्ध नको' सांगून. दिलेला शब्द पाळणारा आपला एक नगरसेवक दाखवा.

दादरकर६१: शब्दाचंच बोलू या. तीन दिवसांनी जर्मनी आणि इटलीशी युद्धाचा ठराव आला. तेव्हा ही नुसती 'हजर' म्हणाली, म्हणजे ना बाजूने, ना विरोधात. तत्त्व तीन दिवसांत संपलं?

तिरकस_बाणेर: ...हे मात्र मला नीट सांगता येत नाही. घ्या, जिंकलात, पेढे वाटा. पण १९६८ साली, ८७ वर्षांची असताना, व्हिएतनामविरुद्ध वॉशिंग्टनला हजारो बायकांचा मोर्चा घेऊन गेली तीही हीच. गांधींचे विचार समजून घ्यायला भारतात अनेकदा येऊन गेली. थकून एकदा 'हजर' म्हणाली असेल हो.

दादरकर६१: थकलेल्या माणसाचं एवढं कौतुक १९४१ ला कुणी केलं नाही, मी आता कशाला करू. बाकी ताई, कार्पेट एरिया शेवटी लेखी मिळाला का?

शेवंता_ठाणे: नाही. बिल्डिंग मात्र पाडून झालीये.