शब्दचर्चा : युरोपियम ऑक्साइडच्या अतिपातळ पटलात ‘मृत थर’ कशाला म्हणायचे?

प्रश्न : २ नॅनोमीटर जाडीच्या युरोपियम मोनॉक्साइड पटलावरचे टिपण तपासतो आहे. चुंबकन कमी भरले की लेखक सरसकट ‘मृत थर’ (चुंबकीय परिबल नसलेला थर) लिहितो. चालेल का? शिवाय युरोपियमच्या मूलद्रव्यगटाला ‘विरल मृदा’ म्हणायचे की ‘विरल मृत्तिका’?

उत्तर : दुसरे आधी. दोन्ही रुळलेले आहेत, लेखभर एकच ठेवा. (विरल नावापुरतेच, पृथ्वीच्या कवचात याच गटातले सिरियम साधारण तांब्याइतके आहे.)

‘मृत थर’ मात्र जपून. द्विसंयुजी युरोपियमात सात ४एफ इलेक्ट्रॉन असतात, म्हणून अणूमागे ७ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचे एकक) इतके चुंबकीय परिबल मिळते. वाढवताना ऑक्सिजन जरा जास्त झाला, झाकणथरातून हवा शिरली किंवा पटल ज्यावर वाढवतात त्या झिर्कोनियाच्या आधारातून ऑक्सिजन वर आला, की युरोपियम त्रिसंयुजी होते. मग सहाच इलेक्ट्रॉन उरतात आणि मूळ अवस्थेतला एकूण कोनीय संवेग शून्य होतो, म्हणजे परिबलच उरत नाही. हा थर खरोखर मृत. क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात दोन्ही संयुजांची, ३डी इलेक्ट्रॉनांची शिखरे सुमारे १० इलेक्ट्रॉन व्होल्ट अंतरावर दिसतात. ती न पाहता हा शब्द लिहू नये.

हरकत : पण शुद्ध पटलातही चुंबकन कमी दिसते.

उत्तर : दिसते, पण त्याला ‘क्यूरी तापमानातील घट’ म्हणा. क्यूरी तापमान म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते ते तापमान. जाड ठोकळ्यात ते ६९ केल्विन असते, शेजारी कमी झाले की उतरते. आतल्या युरोपियमला १२ निकटचे युरोपियम शेजारी, (००१) पृष्ठावर ८. दोन नॅनोमीटरमध्ये जेमतेम आठ अणुथर, त्यातले दोन पृष्ठाचे! ५० केल्विनला मरगळलेले पटल ५ केल्विनला पूर्ण भरते. मेलेला थर थंड करून उठत नाही. म्हणूनच वेगवेगळ्या जाडीच्या पटलांचे परिबल जाडीसमोर मांडून रेषेचा छेद ‘मृत जाडी’ म्हणून द्यायचा असेल, तर सगळी मोजणी ५ केल्विनच्या आसपास हवी. नाहीतर छेद फुगतो. जाडी एका अणुथराने चुकली तरी चुंबकनात १२ टक्क्यांचा फरक पडतो, हेही ध्यानात असू द्या.

पुरवणी : त्याच टिपणात आधाराला ‘प्रतिलोहचुंबकीय’ म्हटले असेल तर खोडा. आधार प्रतिचुंबकीय (क्षेत्राच्या उलट दिशेने क्षीण चुंबकन होणारा), प्रतिलोहचुंबकीय (शेजारची परिबले उलटसुलट लागलेले) म्हणजे युरोपियमचे Eu₃O₄ हे भावंड, तेही ५ केल्विनच्या आसपास. ५ × ५ मिलिमीटरच्या या पटलाचे परिबल जवळपास ०.०००१ ईएमयू (परिबलाचे एकक), आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आधाराचे १ टेस्लाला उलट चिन्हाचे, पण त्याच घरातले. ३०० केल्विनला मोजलेला आधाराचा उतार वजा करून भागत नाही, कारण आधारातल्या लोहाच्या अंशांचे समचुंबकीय परिबल थंडीत वाढून वर येते. कोरा आधार वेगळा मोजावा. ४० ते ५५ केल्विनमध्ये उंचवटा आला, तर आधी स्क्विडच्या (परिबल मोजणाऱ्या अतिसंवेदी उपकरणाच्या) नमुनाकक्षात गोठलेला ऑक्सिजन तपासा.

प्रश्न : टिपणात फक्त ३० केल्विनचा आकडा आहे.

उत्तर : एवढ्यावरून थर मृत की क्यूरी तापमान घटलेले, हे ठरत नाही. मग ‘३० केल्विनला मोजलेले चुंबकन अपेक्षेपेक्षा कमी’ एवढेच लिहायला सांगा.