दोष निबचा नव्हे, हवेचा
ड्रॉपरने भरायच्या फाउंटन पेनातली शाई संपत आली की थेंब गळतात, म्हणून निब बदलावी, असे सुचवले गेले आहे. पण दोष बहुधा निबचा नसतो. अशा पेनात शाई जितकी कमी तितकी हवा जास्त, आणि हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावून शाईला जिभेवाटे (निबखालचा, शाई निबपर्यंत नेणारा भाग) बाहेर ढकलते. म्हणून टाकीत एक तृतीयांश शाई उरताच ती पुन्हा भरावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. टाकी फिरवून बसवायच्या आट्यांमधून शाई झिरपत असेल तर त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा (पेट्रोलियम जेली नको, तिने रबरी वायसर खराब होऊ शकतो). भरताना टाकी उभी धरून ड्रॉपरचे टोक आत न्यावे, शाई सावकाश सोडावी आणि काठाशी थोडी जागा ठेवूनच पेन बंद करावे.