शब्दचर्चा: सांत्वनपत्रात ‘सावरणे’ हा शब्द असावा का?

प्रश्न – मिरजेहून

कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या एका गटात मी काम करते. डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत. माझं काम घरच्यांशी बोलण्याचं. रुग्ण गेल्यावर महिन्याभराने आम्ही त्या घरी पत्र पाठवतो. पत्र जुनं आहे, इंग्रजीवरून मराठीत आणलेलं दिसतं. त्यातलं शेवटचं वाक्य असं: ‘आपण या दुःखातून लवकरच सावराल अशी आशा आहे.’

तासगावकडच्या एका घरी नंतर भेटायला गेले, तर त्या बाईंनी पत्र फडताळातून काढलं आणि विचारलं, “लवकर म्हंजे कवा?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

लवकर, सावरणे, आशा – हे तीन शब्द या वाक्यात बसतात का? काढले तर त्या जागी काय यावं? आणि आमच्या कामालाच मराठीत काय म्हणावं, तेही सांगा. ‘उपशामक सेवा’ असं फलकावर लिहिलं की लोकांना काही कळत नाही.

उत्तर – वाईहून

मी निवृत्त मराठी शिक्षक. आधी व्याकरण पाहू, कारण इथे व्याकरणातच गोम आहे.

‘सावरणे’ रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा कर्म घेऊन येतं. पदर सावरला, निऱ्या सावरल्या, डोक्यावरचा भारा सावरला, तोल सावरला. यातलं काहीच एकदा सावरून संपत नाही. बाई पाणी भरते, मुलाला कडेवर घेते, चालता चालता पुन्हा पदर सावरते. पदर परत घसरला म्हणून कुणी म्हणत नाही की तिला सावरता येत नाही.

शोकाच्या प्रसंगी मात्र आपण कर्म गाळतो. ‘ती सावरली’ किंवा ‘ती अजून सावरली नाही’, एवढंच उरतं. पास की नापास, असा त्याचा सूर होतो. वर ‘लवकर’ जोडलं की तारीखही पडते. तासगावच्या बाईंनी त्या तारखेबद्दलच विचारलं, आणि माझ्या मते त्यांचा प्रश्न भाषेच्या दृष्टीने अचूक आहे.

तिसरं रूप आहे ‘सावरून घेणे’. ‘तेव्हा धाकट्या दिरानं आम्हाला सावरून घेतलं.’ या रूपात दुसरं माणूस लागतंच. तुमच्या पत्रात मला हे रूप हवं आहे.

कामाच्या नावाबद्दल. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या ठिकाणाला ‘हॉस्पिस’ म्हणतात. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाला पाहुणा आणि यजमान असे दोन्ही अर्थ आहेत. आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि तिथून या शब्दाला आजचा अर्थ मिळाला. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस 1986 चं, मुंबईतलं शांती अवेदना. ‘अवेदना’ म्हणजे वेदना नसणे. हा शब्द मला फार आवडतो, पण तो समजावून सांगावा लागतो. आमच्या गावात मराठी विश्वकोशाचं काम चालतं, संस्कृतवरून घडवलेली परिभाषा माझ्या रोजच्या वाचनातली आहे, तिच्याबद्दल आदरही आहे. तरी कुणाच्या दारात उभं राहून ‘उपशामक’ म्हणू नये असं मला वाटतं.

आपला साधा ‘शुश्रूषा’ का नको? ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. त्याच्या इच्छार्थक रूपावरून हा शब्द आला, मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. पुढे तो सेवेला लागू झाला. (‘सुश्रुषा’ लिहू नका. आधी तालव्य श, मग दीर्घ रू, शेवटी मूर्धन्य ष.)

उत्तर – कराडहून

मी परिचारिका आहे, याच कामात. गुरुजी, ‘शुश्रूषा’चा अर्थ वाचून बरं वाटलं. आमचा निम्मा वेळ ऐकण्यातच जातो.

मला ‘आशा’बद्दल बोलायचंय. घरात पाऊल टाकलं की नातेवाईक बाजूला घेऊन विचारतात, “सिस्टर, काही आशा आहे का?” इथे आशा म्हणजे बरं होणं, दुसरं काही नाही. मोठ्या दवाखान्यातून ‘घरी न्या’ असं सांगितलेलं असतं, म्हणजे आशा संपली असं त्यांनी धरलेलं असतं. मी म्हणते, आज्जींना विचारूया त्यांना काय पाहिजे. मग कळतं की रात्री ठणका न लागता एक झोप हवीय. नातीचं बारसं बघायचंय. उसाला तोड कधी येणार याची काळजी लागलीय. यातलं बरंचसं होण्यासारखं असतं.

तोंडाच्या कॅन्सरची जखम गालातून बाहेर फुटते तेव्हा वास येतो. आमच्या भागात तंबाखू-मशेरी फार, त्यामुळे असे पेशंट बरेच. घरचे नाकाला पदर लावतात, आणि त्याची त्यांची त्यांनाच लाज वाटते. पेशंटला सगळं दिसत असतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझॉलच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकून ड्रेसिंग केलं की वास खूप कमी होतो. मग लांब उभा राहणारा नातू कॉटवर येऊन बसतो. आजार तेवढाच असतो, पण त्या घरात काहीतरी परत आलेलं असतं. त्याला ‘आशा’ म्हणावं की ‘उमेद’, ते गुरुजींनी सांगावं. माझ्या तोंडी ‘उमेद’ येतो.

मॉर्फीन या तीव्र दुखण्यावरच्या औषधाचंही तसंच. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला आणि हे औषध मिळण्याची वाट थोडी सोपी झाली. पण ‘मॉर्फीन चालू केलं म्हणजे खेळ संपला’ हे घरोघरी ऐकायला मिळतं. दुखणं थांबलं की माणूस बोलायला लागतो, हिशेब सांगतो, भांडण मिटवतो. शेवटचे दिवस त्यालाही हवेच असतात.

आणखी एक शब्द. लोक आम्हाला म्हणतात, “तुम्हाला आता सवय झाली असेल.” सराव झालाय. न दुखवता कूस कशी बदलायची, कोरडं पडलेलं तोंड ओल्या बोळ्याने कसं पुसायचं, याचा हाताला सराव होतो. मरणाची सवय मला झालेली नाही, आणि झाली तर मी हे काम सोडावं. आमच्यात कुणी पेशंट गेला की पुढच्या बैठकीत आधी त्याचं नाव घेतो, प्रत्येकजण त्याच्याबद्दल एखादी गोष्ट सांगतो, मगच नव्या पेशंटची यादी निघते. हे सुरू झाल्यापासून मी टिकले.

उत्तर – शिराळ्याहून

मी कामातली नाही. मालक गेले. वर्ष होऊन गेलं.

मला ‘सावर’ हा शब्द पहिल्यांदा कुणी म्हटला तर बांगड्या फोडणाऱ्या बायकांनी. एकीकडे हातातलं काढत होत्या, कपाळ पुसत होत्या, आणि तोंडाने म्हणत होत्या, “सावर बाई.” त्या वाईट नव्हत्या, त्याही रडत होत्या. पण तो शब्द तेव्हापासून मला सोसत नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 च्या मे महिन्यात ह्या प्रथा बंद करायचा ठराव केला. मग त्याच महिन्यात राज्य शासनानेही सगळ्या गावांना तसं करायला सांगितलं. आमच्या घरी मात्र कुणी ते मनावर घेतलं नाही.

तुमच्या चर्चेत एक शब्द आला नाही. ‘दुखणं काढणं’. मी त्यांचं दुखणं काढलं. अंघोळ, भरवणं, रात्रीची उठबस, सगळं. ते गेल्यावर सगळे म्हणाले, ‘सुटले बिचारे, आणि तूही सुटलीस.’ पहाटे औषधाच्या वेळेला जाग यायची. उठून बसायचे आणि करायला काही नसायचं. सुटणं काय असतं हे बोलणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मग वाड्यातल्या एका म्हातारीला लकवा मारला. तिच्या सुनेला काहीच येत नव्हतं, पाठीला जखमा व्हायला लागलेल्या. मी गेले आणि कूस कशी बदलायची, चादर कशी सरकवायची ते दाखवलं. मला येत होतं ते. त्यांच्या दुखण्यातच शिकलेले. आता कुणाकुणाकडून बोलावणं येतं, मी जाते. मी सावरले का ते मला सांगता यायचं नाही. रडू येतं अजून. जाते मात्र.

उत्तर – साताऱ्याहून

‘सावडणे’ राहून गेलं. मातीनंतर तिसऱ्या दिवशी भाऊबंद जमून राख सावडतात, अस्थी वेचतात. आमच्याकडे माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर रक्षा सोडायची रीत. आता कितीतरी घरं नदीत न सोडता शेतात खड्डा काढून रक्षा घालतात आणि वर आंबा नाहीतर नारळ लावतात. कोरोनात माझ्या वडिलांना सावडायला आम्हाला जाताच आलं नाही, आणि ते अजून सलतं. शेतीत एकमेकांच्या रानात कामाला जाण्यालाही ‘सावड’ म्हणतात. दोन्ही शब्दांचं मूळ एक की वेगळं यात मी शिरत नाही, पण दोन्हीकडे एकट्याचं काम नाही.

उत्तर – सांगलीहून

माझं मत थोडं वेगळं. माझा भाऊ गेला तेव्हा आत्या आईला रोज म्हणायची, “तू सावरशील.” आई त्या एका वाक्यावर उठून चूल पेटवायची. शब्दात दोष असेल, पण कोण म्हणतं आणि शेजारी बसून म्हणतं का, हे बघा. छापील पत्रातला ‘सावराल’ आणि आत्याचा ‘सावरशील’ सारखे नाहीत. म्हणून शब्द टाकून देऊ नका. पत्राखाली सही मात्र हाताने करा.

पुन्हा मिरजेहून

सगळ्यांचे आभार. शिराळ्याच्या ताई, तुमचं उत्तर मी आमच्या बैठकीत वाचून दाखवलं. सगळे बराच वेळ त्यावरच बोलत होते.

‘लवकर’ काढला. ‘आशा आहे’ काढलं. वाक्य आता असं आहे: ‘तुम्ही त्यांचं दुखणं काढलंत, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. या दिवसांत एकमेकांना सावरून घ्या. आम्हालाही हाक मारा, आम्ही येऊ.’ डॉक्टरांना ते लांब वाटतं, मी ठेवते आहे. सही प्रत्येकाने हाताने करायची असं ठरलं. फलकावर ‘घरपोच शुश्रूषा’ लिहिणार आहोत, आणि लोकांना ओळखीचं म्हणून खाली बारीक अक्षरात ‘पॅलिएटिव्ह केअर’.

आणखी एक बदल करतोय. आजवर पत्र घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाने जायचं. यापुढे ज्यांनी दुखणं काढलं त्यांच्या नावाने जाईल, मग ती सून असो, धाकटा मुलगा असो की शेजारीण. आता पत्त्यावर ‘श्रीमती’ घालावं का? नवरा गेलेल्या बाईला तो शब्द टोचेल असं मला वाटतं. नुसतं नाव आणि पुढे ‘यांस’ चालेल का, तेवढं सांगा. पुढच्या आठवड्यात छपाईला द्यायचंय.