पूरमदतीसाठी मंडळीनं पावसाआधी काय तयारी ठेवावी? (निपाणी-चिकोडी भाग)

दूधगंगाकाठ (प्रश्न)

जय ख्रिस्त. निपाणी तालुक्यातली मराठी उपासना असलेली मंडळी, साधारण 45 कुटुंबं. वेदगंगा-दूधगंगेच्या काठावरच्या तीन गावांत 2019 आणि 2021 सारखा पूर आला तर मदतीला उतरायचं, आणि तयारी मे अखेरीस पुरी करायची, असं पंच कमिटीत ठरलंय. विशेष दानार्पणातून सव्वा लाखाच्या आसपास जमेल. तरुण संघाची 12-15 पोरं, महिला मंडळ, एक ट्रॅक्टर आणि एक छोटा टेम्पो एवढं बळ आहे.

किटमध्ये काय आणि किती घालायचं? वाटप कसं केलं म्हणजे गोंधळ होत नाही? आणि कमिटीत ज्यावर एकमत होत नाही तो प्रश्न: किटबरोबर सुवार्ता पत्रिका द्यायच्या की नाही? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

बंधारा_चिकोडी

आधी वेळेचं बघा, किटचं नंतर. पाणी चढत असताना कोरडं धान्य वाटू नका. त्या दिवसांत माणसं शाळेतल्या काळजी केंद्रात असतात, तिथं शिजवलेलं जेवण सरकारकडून मिळतं. चूल नाही, ठेवायला जागा नाही. तेव्हा दिलेलं पीठ भिजून तरी जातं नाहीतर पाहुण्यांच्या घरी जातं. किटची खरी गरज पाणी ओसरून माणूस घरी परततो त्यानंतरच्या आठवड्यात असते. घरात चिखल, डब्यातलं धान्य कुजलेलं, रोजगार बंद, आणि मदतीच्या गाड्या तोवर येऊन गेलेल्या.

पाणी चढताना करायचं काम वेगळं. म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि जनावरं हलवायची, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये घालून द्यायची, चटई-चादर द्यायची. गाव सोडायला लोक नको म्हणतात ते बहुतेक वेळा म्हशींपायी. दावणीची चार जनावरं टाकून कोण जाणार? तेव्हा निम्मा ट्रॅक्टर चाऱ्यासाठी धरा. मोठ्या म्हशीला दिवसाला 15 ते 20 किलो ओला चारा आणि 4-5 किलो कडबा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊसतोड नसते, म्हणजे वाडंही (उसाचे शेंडे) मिळत नाही. माळावरच्या शेतकऱ्याशी मे महिन्यातच कडब्याचं बोलून ठेवा. भिजून बुरशी आलेला कडबा फुकट मिळाला तरी उचलू नका, जनावर आजारी पडतं.

अंदाज कुठून घ्यायचा? तुमच्या गावांसाठी वेदगंगेवरचं पाटगाव आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी ही दोन धरणं रोज बघायची. नुसती कोयना बघून चालत नाही. पण राधानगरीचं पाणी पंचगंगेतून आणि कोयनेचं थेट, शेवटी कृष्णेतच येतं. कृष्णेला फुगवटा आला की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. मग तुमच्याकडं पाऊस उघडला असला तरी पाणी चढत राहतं.

साठा कुठं ठेवायचा हे त्यावरच ठरतं. मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे बंधारे सगळ्यात आधी पाण्याखाली जातात. किट सगळे चर्चच्या खोलीत आणि गाव नदीपलीकडं, असं झालं की टेम्पो लांबच्या वळशानं न्यावा लागतो किंवा पोचतच नाही. नदीच्या दोन्ही अंगांना, उंचावरच्या एकेका घरात निम्मा-निम्मा साठा ठेवा.

आता किट. पाच माणसांच्या घराला आठवडाभरासाठी: तांदूळ 5 किलो, ज्वारीचं पीठ 3 किलो, तूरडाळ 1 किलो, तेलाची 1 लिटरची पिशवी, साखर 1 किलो, मीठ 1 किलो, चहा पावडर 250 ग्रॅम, चटणी 200 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, मेणबत्तीचं एक पाकीट, काडेपेट्या दोन (प्लास्टिकमध्ये गुंडाळून), अंगाचे साबण दोन, कपड्याचे दोन, सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं, ओआरएस पाच पाकिटं. पीठच द्या, अख्खी ज्वारी नको, कारण वीज नसते आणि गिरणी बंद असते. साबण वेगळ्या पिशवीत भरा, नाहीतर भाकरीला साबणाचा वास येतो. हे सगळं 13-14 किलोच्या वर जातं, तेव्हा दोन पिशव्या करा, बाईमाणसाला दोन हातात धरून नेता येतात. खताची रिकामी पोती धुऊनसुद्धा वापरायची नाहीत.

मे महिन्यात फक्त टिकणारं घ्या: साबण, पॅड, मेणबत्त्या, चादरी, पिशव्या, ओआरएस (मुदत बघून). धान्य आणि पीठ तेव्हाच भरून ठेवलं तर ऑगस्टपर्यंत सोंडे आणि जाळ्या. त्यासाठी किराणा व्यापाऱ्याशी बोली करा की फोन केल्यावर 24 तासांत माल भरून देईल. किटला हजार-बाराशे धरले तर सव्वा लाखात शंभर किट बसतात असं वाटतं, पण डिझेल, चारा, चादरी त्यातूनच जाणार. 70 किटचाच हिशेब धरा.

जुने कपडे गोळा करू नका. निवडण्यात चार माणसांचे दोन दिवस जातात आणि शेवटी ढीग रस्त्याकडेला पडतो. द्यायचेच तर नवे टॉवेल, गाऊन आणि आतले कपडे द्या. ते कुणी देत नाही आणि कुणी मागतही नाही.

खजिनदार_अथणी

पैशाचं थोडक्यात. पूरनिधी मंडळीच्या सर्वसाधारण खात्यात मिसळू नका, निदान वेगळी वही आणि वेगळं पावतीपुस्तक ठेवा. मोजायला दोघं, सही दोघांची. 2 करिंथ 8:20-21 मध्ये पौलानं हीच काळजी घेतली होती, त्यामुळं "विश्वास नाही का?" म्हणणाऱ्याला तोच उतारा दाखवा.

बाहेरच्या पैशात चूक होते. एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खाली नोंदणी नसेल तर परदेशी देणगी एक रुपयाही घेता येत नाही. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडून तो पैसा पुढं वळवून घेणंही 2020 च्या दुरुस्तीनंतर बंद आहे. मंडळीतला मुलगा आखातात नोकरीला असेल आणि त्याच्याकडं भारतीय पासपोर्ट असेल, तर त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेलं दान परदेशी धरत नाहीत. पण नागरिकत्व बदललेल्या नातेवाइकाचं दान परदेशीच, भले तो निपाणीत जन्मलेला असो. पाठवणाऱ्याकडून पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावा.

आयकर सवलतीची पावती देण्याचं आश्वासन ट्रस्टची कागदपत्रं बघितल्याशिवाय देऊ नका. एका विशिष्ट धर्मसमाजाच्याच भल्यासाठी असलेल्या ट्रस्टला ती सवलत नसते, आणि 2000 रुपयांच्या वरच्या रोख दानावर दात्यालाही ती मिळत नाही.

कृत्ये_सहा

वाटपाबद्दल. गाडी चौकात उभी करून वरून पिशव्या द्यायच्या नाहीत. धट्टीकट्टी पोरं दोनदा घेतात, विधवा बाई मागं राहते.

यादी आधी, गाडी नंतर. पंचायत सदस्याची यादी घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई यांना सोबत घेऊन घर न् घर फिरा. कुणाच्या घरात पाणी किती चढलं, कोण भाड्यानं राहतं, कोण रेशनकार्डाशिवाय आहे हे त्यांना ठाऊक असतं. भाडेकरू आणि बाहेरून आलेले मजूर पंचायतीच्या यादीत बहुधा नसतातच. आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी क्रमांक आणि शिक्का असलेलं कुपन द्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात दोन टेबलं: एकावर कुपन आणि सही-अंगठा, दुसऱ्यावर पिशव्या. कुपनांपेक्षा पाच किट जास्त न्यावेत, कारण सुटलेलं घर निघतंच. सुरुवात गावाच्या शेवटच्या टोकापासून, नदीकडच्या वस्तीपासून करा. रस्त्यालगतच्या घरांना पाच संस्थांचं मिळून गेलेलं असतं.

आणि भाषा. तुमची उपासना मराठीत, तरुण मराठी बोलणारे, म्हणून नकळत मराठी घरांचीच यादी आधी भरते. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये यरुशलेमच्या मंडळीतही हेच झालं होतं: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा सुटत होत्या, म्हणून सात जण नेमले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत! तेव्हा कन्नड मंडळीतले दोघं-तिघं तुमच्या गटात पहिल्या दिवसापासून घ्या. कुपन आणि सूचना दोन्ही लिपींत छापा.

सरकारी कागदात तर या कन्नड माणसांचा फार उपयोग होतो. घरपडझडीचा अर्ज तहसील कार्यालयात कन्नडमध्ये दिला तर लवकर हलतो. तीन पोरं फक्त या कामाला बसवा: आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, घरफाळ्याची पावती, वीजबिल यांच्या झेरॉक्स आणि मोडलेल्या भिंतीसमोर घरमालकाला उभं करून फोटो. फोटो चिखल काढायच्या आधी. आपलीच पोरं उत्साहानं घर धुऊन काढतात, आणि मग पंचनाम्याला आलेल्या माणसाला दाखवायला काही उरत नाही.

सुवार्तिक_रायबाग

बाकी सगळं मान्य. पण पत्रिकांवर कुणी बोलत नाही. नुसतं धान्य वाटून परत यायचं तर मंडळीत आणि एखाद्या क्लबात फरक काय राहिला?

कृत्ये_सहा

फरक राहतो, पण तो पिशवीत घालायचा नसतो. पिशवीत पत्रिका गेली की घेणाऱ्याला वाटतं, हे घेतलं म्हणजे आता चर्चला बोलावतील. काही घरं त्या भीतीनं किटच घेत नाहीत, आणि नेमकी गरजू घरं मागं सरतात. दुसरं, कायद्याचं. 2022 च्या कर्नाटकातल्या धर्मांतरविरोधी कायद्यात आमिषाची व्याख्या भेटवस्तू आणि आर्थिक लाभापर्यंत ताणलेली आहे. 2023 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं, तरी आज नेमकी काय स्थिती आहे ते तुमच्या भागातल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका. तक्रार झाली तर त्रास पाळकसाहेबांना आणि त्या गावातल्या दोन ख्रिस्ती घरांना होतो, पत्रिका छापणाऱ्याला नाही.

नियम असा ठेवा: वाटपाच्या दिवशी प्रार्थना मंडळीत करून निघायचं, गावात नाही. काळजी केंद्र सरकारी शाळेत असतं, तिथं गाणी-उपासना अजिबात नको. कुणी आपणहून "आमच्यासाठी प्रार्थना करा" म्हटलं तर त्याच्या दारात, हळू आवाजात, दोन मिनिटं. आणि काही महिन्यांनी, हातात काहीही न घेता, त्या घरांना भेटायला जा. भेटीची वही ठेवा: घर, आजारी कोण, मुलाची शाळा. या भेटीच बहुतेक मंडळ्या टाळतात, कारण त्यात फोटो नसतो.

फोटोंचंही तेच. किट घेताना माणसाचा चेहरा टिपायचा नाही. हिशेबासाठी भरलेल्या टेम्पोचा आणि सह्यांच्या कागदाचा फोटो पुरतो.

सुवार्तिक_रायबाग

पिशवीत नको हे पटतं. मागणाऱ्यालाही देऊ नये, हे पटत नाही.

कृत्ये_सहा

मागणाऱ्याला द्या, पण वाटपाच्या दिवशी नको. चर्चमध्ये येऊन मागितलं तर नवा करारसुद्धा द्या.

दूधगंगाकाठ

खूप उपयोगी. आणखी दोन गोष्टी. चर्चचा हॉल 30 बाय 50 फुटांचा आहे, उंचावर आहे. तिथं किती माणसं ठेवता येतील? आणि पुराचं पाणी गेलेली पिण्याची विहीर कशी साफ करायची? ब्लीचिंग पावडर किती?

बंधारा_चिकोडी

हॉलचं: आपत्तीतल्या निवाऱ्याला माणशी साडेतीन चौरस मीटर धरतात. तुमचा हॉल 139 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे बाक बाहेर काढून 40 माणसं. त्यापेक्षा जास्त घेऊ नका. 20 माणसांमागं एक संडास, बायकांचा वेगळा आणि रात्री उजेड असलेला. पाणी माणशी रोज 15 लिटर, म्हणजे 600 लिटर. हे जमत नसेल तर हॉल साठ्यासाठी ठेवा. निवारा सुरू करण्याआधी तहसीलदारांना आणि पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) लेखी कळवा, म्हणजे शिधा आणि डॉक्टरची फेरी तुमच्याकडंही येते. 1077 (जिल्हा आपत्ती कक्ष) आणि 108 (रुग्णवाहिका) हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

आरोग्यसेविका_हुक्केरी

विहिरीचं मी सांगते. आधी पंचायतीला विचारा, सार्वजनिक विहिरीत परस्पर काही टाकू नये. गाळ आणि गढूळ पाणी उपसून काढायचं, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो. मग पाणी मोजायचं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), त्याला 3.14 नं गुणून 4 नं भागायचं, आलेल्या आकड्याला हजारानं गुणलं की लिटर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर 28 हजार लिटरच्या आसपास. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 70 ग्रॅम. पुरानंतर पहिल्या वेळी दुप्पट धरा.

पावडर थेट विहिरीत फेकतात ते चुकीचं. बादलीत एका वेळी 100 ग्रॅमपर्यंतच घ्या, थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या आणि ती बादली दोरानं विहिरीत सोडून खालीवर हलवा. तळाचा चुना विहिरीत घालायचा नाही, पाणी जड होतं. निदान एक तास पाणी उपसू नका. त्यानंतर पाणीपुरवठ्याच्या माणसाकडून ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन तपासायची चाचणी) करून घ्या. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही आला तर पुन्हा करा.

मे महिन्यात पावडर आणून पोतं उघडं ठेवलंत तर ऑगस्टपर्यंत तिच्यात दम राहत नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा, पत्र्याच्या डब्यात नको. आणि धान्याच्या खोलीत तर अजिबातच नको.

चिखल काढणाऱ्या पोरांना गमबूट आणि रबरी हातमोजे द्या, पायाला जखम असलेल्याला त्या दिवशी घरी ठेवा. लेप्टोच्या (उंदीर-जनावरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळ्या मेडिकलमधून आणून मंडळीनं वाटू नयेत. कुणाला द्यायच्या हे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर ठरवतात. लाकडं-पत्रे उचलताना आधी काठीनं हलवा, साप बसलेला असतो. चावलाच तर कापणं, घट्ट बांधणं, मांत्रिक काही नको. तो अवयव न हलवता 108 बोलवा किंवा आहे त्या गाडीनं थेट सरकारी दवाखाना गाठा.